नाकारलेला अल्बम आणि सात महिन्यांचे श्रवण : विल्कोच्या ‘यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट’चे प्रकरण

प्रकरणाची ओळख

एखाद्या अल्बमचे समीक्षकांनी कसे स्वागत केले, हा प्रश्न सहसा अल्बम बाजारात आल्यानंतर विचारला जातो. शिकागोच्या विल्को या बँडच्या चौथ्या अल्बमबाबत तो बाजारात येण्याच्या बराच आधी उभा राहिला, कारण या अल्बमचे पहिले समीक्षक त्याच्या स्वतःच्याच ध्वनिमुद्रिका कंपनीत बसलेले होते आणि त्यांचे मत प्रतिकूल होते. कंपनीने नाकारलेले तेच संगीत दहा महिन्यांच्या आत त्या वर्षातील सर्वाधिक वाखाणलेल्या अल्बमांपैकी एक ठरले. या मधल्या काळात अल्बममधील एकही सूर बदलला नव्हता. बदलली होती ती तो ऐकला जाण्याची रीत, आणि प्रस्तुत अभ्यासाचा रोख त्याच बदलावर आहे.

बँड, कंपन्या आणि अल्बम यांची नावे सर्वश्रुत असल्यामुळे ती लपवण्यात अर्थ नाही. मात्र कंपनीतील ज्या अधिकाऱ्यांनी नकाराचा निर्णय घेतला, त्यांचा उल्लेख येथे केवळ पदाने केला आहे. तो निर्णय व्यक्तींच्या लहरीतून कमी आणि त्या वेळच्या व्यवस्थेतून अधिक आला होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पार्श्वभूमी

विल्कोची स्थापना १९९४ मध्ये झाली. इलिनॉय राज्यातील बेलव्हिल या गावातून आलेला अंकल टुपेलो हा बँड फुटला, त्याचे एक प्रमुख गायक जे फरार यांनी सन व्होल्ट हा वेगळा बँड काढला आणि उरलेल्या बहुतेक मंडळींना घेऊन जेफ ट्विडी यांनी विल्को उभा केला. वॉर्नर समूहातील रिप्राइझ या कंपनीशी त्यांचा करार झाला. पहिला अल्बम १९९५ मध्ये आला आणि तो ग्रामीण अमेरिकी कंट्री संगीत व रॉक यांच्या सरमिसळीच्या ओळखीच्या चाकोरीतला होता. १९९६ च्या दुसऱ्या अल्बममध्ये दोन तबकड्या होत्या. तो एका तबकडीच्या किमतीला विकला जावा यासाठी ट्विडी यांनी आपल्या मानधनाचा काही भाग सोडून दिला होता. १९९९ च्या तिसऱ्या अल्बममध्ये, म्हणजे ‘समरटीथ’मध्ये, कीबोर्ड आणि स्टुडिओतील थरांवर थर चढवलेल्या ध्वनींना मोठे स्थान मिळाले. समीक्षक खूश झाले, पण अमेरिकेतील विक्री सुमारे दोन लाख प्रतींच्या आसपास थांबली.

ही संख्या लहान बँडला समाधान देणारी असली, तरी मोठ्या कंपनीच्या हिशेबात ती अडचणीची होती. समीक्षकांचा लाडका, पण रेडिओवर न वाजणारा बँड किती काळ पोसायचा, हा प्रश्न रिप्राइझमध्ये तेव्हापासूनच धुमसत होता. ‘समरटीथ’मधील एक गाणे रेडिओसाठी कंपनीने नव्याने मिक्स (म्हणजे वेगवेगळ्या ध्वनींची पुन्हा जुळणी) करवून घेतले होते आणि तरीही ते चालले नव्हते. चौथ्या अल्बमच्या वेळी जे घडले त्याचे बीज येथे आहे, कारण तडजोड एकदा करून पाहिली आणि तिचा उपयोग झाला नाही, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या लक्षात राहिली होती. प्रत्येकाने तिच्यातून काढलेला अर्थ मात्र निराळा होता.

चौथ्या अल्बमचे काम २००० च्या अखेरीस शिकागोतील बँडच्या स्वतःच्या जागेत, म्हणजे ज्याला ते ‘लॉफ्ट’ म्हणत तेथे, सुरू झाले. बहुवादक जे बेनेट हे ध्वनिमुद्रणाची तांत्रिक बाजूही सांभाळत होते आणि बहुतेक गाण्यांचे सहलेखक होते. २००१ च्या सुरुवातीला ड्रमर केन कूमर यांच्या जागी ग्लेन कोच्ची आले. सुटे धातूचे तुकडे, घंटा आणि घरगुती वस्तूंमधूनही ताल काढणारा हा वादक प्रायोगिक संगीतकार जिम ओ’रूर्क यांच्या वर्तुळातला होता. पुढे मिक्सिंगचे काम खुद्द ओ’रूर्क यांच्याकडेच सोपवण्यात आले. ओ’रूर्क यांची पद्धत कात्री चालवण्याची होती. बेनेट आणि ट्विडी यांनी रचलेल्या थरांमधून बरेच काही काढून टाकून त्यांनी गाण्यांभोवती मोकळी जागा निर्माण केली. लघुलहरी रेडिओवरून सांकेतिक आकडे-अक्षरे वाचणाऱ्या गूढ ‘नंबर स्टेशन’च्या प्रसारणांच्या एका संग्रहातला स्त्रीचा आवाज ‘यांकी... हॉटेल... फॉक्सट्रॉट’ असे पुन्हापुन्हा उच्चारतो. तो तुकडा एका गाण्याच्या शेवटी आला आणि अल्बमचे नावही त्यावरूनच ठरले.

पेच

ही सारी जुळवाजुळव चालू असताना कंपनीच्या वरच्या मजल्यावर भूकंप झाला होता. जानेवारी २००१ मध्ये एओएल ही इंटरनेट कंपनी आणि वॉर्नर समूहाची मालक टाइम वॉर्नर यांचे विलीनीकरण पूर्ण झाले आणि वॉर्नरच्या संगीत विभागातून सुमारे ६०० जागा कमी करण्यात आल्या. विल्कोवर विश्वास असलेले रिप्राइझचे अध्यक्ष त्याच लाटेत बाहेर पडले. जूनच्या सुमारास तयार अल्बम हाती आला, तेव्हा तो ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांचा या बँडशी भावनिक संबंध नव्हता आणि त्यांच्यावर नव्या मालकांना आकडे दाखवण्याचे दडपण होते. त्यांना रेडिओवर लावण्याजोगे एकही गाणे सापडले नाही. बदल सुचवण्यात आले, बँडने ते करण्यास नकार दिला आणि कंपनीने हा अल्बम प्रसिद्ध न करण्याचे ठरवले.

येथे एक गोष्ट कंपनीच्या बाजूने नोंदवणे न्यायाचे ठरेल. हा अल्बम पहिल्या श्रवणात हाती लागत नाही. पहिले गाणेच सात मिनिटांच्या आसपासचे असून सूर लागल्यासारखा वाटतो न वाटतो तोच घंटा, खरखर आणि भरकटलेला पियानो त्याला झाकून टाकतात. ज्याला दिवसाला डझनभर ध्वनिमुद्रणे ऐकून निकाल द्यायचा आहे, त्याला हे अपुरे राहिलेले काम वाटले असल्यास नवल नाही. पण हेही खरे की ऑक्टोबर २००० मध्ये, म्हणजे जेमतेम आठ महिने आधी, रेडिओहेड या ब्रिटिश बँडचा ‘किड ए’ हा याहूनही दुर्बोध अल्बम प्रचलित अर्थाने एकही सिंगल (सुटे गाणे) न काढता अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता. तो दुसऱ्या कंपनीचा होता, परंतु उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. रेडिओवर वाजेल असे गाणे नसले की अल्बम मेला, हा ठोकताळा त्या वेळीच जुना झाला होता आणि रिप्राइझमध्ये तो अजून वापरात होता.

समोर असलेले पर्याय

बँडपुढे तीन वाटा होत्या. पहिली म्हणजे कंपनीचे म्हणणे ऐकून दोनतीन गाणी नव्याने मिक्स करणे. मागच्या अल्बमच्या वेळी ती वाट चोखाळून झाली होती. शिवाय या वेळी मागणी नेमकी नव्हती. ‘काहीतरी करा’ अशा स्वरूपाच्या सूचनेवर काम करणे म्हणजे तळ नसलेल्या रांजणात पाणी भरण्यासारखे असते.

दुसरी वाट थांबून राहण्याची होती. कंपनीतील वारे पुन्हा फिरेल, या आशेवर अल्बम कपाटात ठेवायचा आणि तोवर दौरे करून गुजराण करायची. अनेक बँडांचे अल्बम याच वाटेने कायमचे धूळ खात पडले आहेत. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीची असल्यामुळे थांबणाऱ्याच्या हाती सौदा करण्याचे काहीच साधन उरत नाही.

तिसरी वाट करार तोडून अल्बमसह बाहेर पडण्याची होती. ती सर्वांत धोक्याची होती, कारण एका मोठ्या कंपनीने नाकारलेला माल दुसरी कंपनी संशयानेच पाहते. मात्र विल्कोची एक बाजू भक्कम होती, ती म्हणजे दौऱ्यांमधून जमलेला स्वतःचा श्रोतृवर्ग. गावोगावच्या सभागृहांत तिकिटे काढून येणारे लोक कंपनीच्या मालकीचे नव्हते. ही तिसरी वाट निवडता आली ती या बळावर, आणि हे प्रकरण इतर बँडांना आदर्श म्हणून सांगताना नेमका हाच मुद्दा गाळला जातो.

कंपनीपुढेही पर्याय होते, पण त्यांची चर्चा क्वचितच होते. अल्बम कमी प्रसिद्धीखर्चात काढून टाकणे हा एक. समूहातल्याच, वेगळ्या अभिरुचीच्या एखाद्या कंपनीकडे तो सोपवणे हा दुसरा. हा दुसरा पर्याय किती मोलाचा होता, ते पुढे खुद्द घटनांनीच दाखवले.

प्रत्यक्ष कृती

बँडने बाहेर पडण्याचे ठरवले आणि रिप्राइझने अल्बमचे हक्क सोडून दिले. त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, जे बेनेट यांना बँडमधून दूर करण्यात आले. अल्बम मुळात ११ सप्टेंबर २००१ रोजी येणार होता. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. अल्बम त्या दिवशी आला नाही, पण त्याच्या मुखपृष्ठावर शिकागोच्या मरीना सिटी संकुलातील दोन जुळे मनोरे होते आणि त्यातील काही गाण्यांच्या शब्दांत हादरणाऱ्या इमारती, राख आणि युद्ध होते. हे सारे त्या दिवसाच्या कितीतरी आधी लिहून झालेले होते.

तोवर गाण्यांच्या निकृष्ट प्रती आंतरजालावर हातोहात फिरू लागल्या होत्या. त्यांना अडवण्यासाठी खटले भरण्याची त्या काळची रूढ पद्धत सोडून बँडने १८ सप्टेंबर २००१ रोजी संपूर्ण अल्बम आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ऐकण्यासाठी ठेवला. गाणी ऐकता येत होती, अधिकृतपणे उतरवून घेता येत नव्हती. आज ही गोष्ट कोणाच्या लक्षातही येणार नाही, परंतु गाण्यांची फुकट देवाणघेवाण घडवणाऱ्या नॅप्स्टर या सेवेवरील न्यायालयीन लढाई नुकतीच संपली असताना एका बँडने आपणहून आपला अप्रकाशित अल्बम खुला करणे हे जवळजवळ धंदा बुडवण्यासारखे मानले जाई. संकेतस्थळावरची वर्दळ नेहमीच्या कित्येक पट वाढली. त्या शरद ऋतूतील दौऱ्यात, दुकानात कोठेही न मिळणाऱ्या गाण्यांचे शब्द समोरचे श्रोते म्हणत असल्याचा अनुभव बँडला आला.

आता कंपन्यांची रांग लागली. नोव्हेंबरमध्ये बँडने नॉनसच या कंपनीशी करार केला. नॉनसचची ओळख स्टीव्ह राइश, फिलिप ग्लास आणि क्रोनॉस क्वार्टेट यांच्यासारख्या संगीतकारांमुळे होती आणि ‘ब्वेना विस्ता सोशल क्लब’ हा क्यूबन संगीताचा अल्बम अमेरिकेत याच कंपनीने आणला होता. गंमत अशी की नॉनसच हीदेखील वॉर्नर समूहाचीच कंपनी होती. म्हणजे त्याच घराने एकदा अल्बम तयार करण्याचा खर्च उचलला, मग तो फुकट देऊन टाकला आणि पुन्हा पैसे मोजून घरात आणला. २३ एप्रिल २००२ रोजी अल्बम दुकानांत आला.

समीक्षकांचा प्रतिसाद

पहिल्या आठवड्यात सुमारे ५५ हजार प्रती खपल्या आणि बिलबोर्डच्या अमेरिकी विक्रीयादीत अल्बम तेराव्या क्रमांकावर आला. विल्कोला तोवर इतके वरचे स्थान कधीच मिळाले नव्हते. फुकट ऐकवलेला अल्बम कोण विकत घेणार, ही भीती त्या आठवड्यातच निकालात निघाली. पुढे विक्रीने पाच लाखांचा टप्पा ओलांडला.

समीक्षेची बाजू याहून उठावदार होती. तेव्हा शिकागोतूनच चालणाऱ्या पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने दहापैकी दहा गुण दिले, जे ते फार क्वचित देत असत आणि ‘किड ए’ला त्यांनी दिले होते. मेटाक्रिटिकवर निरनिराळ्या परीक्षणांची गोळाबेरीज शंभरात ८७ च्या घरात राहिली. वर्षाच्या अखेरीस ‘व्हिलेज व्हॉइस’ने शेकडो समीक्षकांची मते घेऊन केलेल्या ‘पॅझ अँड जॉप’ या वार्षिक पाहणीत हाच अल्बम पहिला आला. मतभेदाचे सूर होते, पण ते थोडे होते. मुळात साध्या असलेल्या गाण्यांवर खरखर आणि कुजबुज यांची वेलबुट्टी चढवली आहे, एवढीच ही नवलाई आहे, असा त्यांचा साधारण आक्षेप होता. प्रस्तुत लेखकाला हा आक्षेप पूर्ण पटत नाही, तथापि तो पोकळही नाही. तो मांडणाऱ्यांनी निदान कानांनी ऐकलेल्या गोष्टीविषयी लिहिले.

कारण पुष्कळशा अनुकूल परीक्षणांमध्ये संगीताइतकीच, काही ठिकाणी त्याहूनही अधिक जागा त्या अल्बमच्या कथेने व्यापली होती. कंपनीने झिडकारलेला कलावंत, चाहत्यांनी उचलून धरलेला अल्बम, त्याच समूहाने दोनदा मोजलेले पैसे, ही कथा इतकी घोटीव होती की ती सांगण्याचा मोह समीक्षकाला आवरणे कठीण होते. बंदी आलेल्या नाटकाला गर्दी लोटते, हे आपल्या रंगभूमीला काही नवीन नाही. त्या गर्दीतला कोण नाटक पाहायला आला आणि कोण बंदीला उत्तर द्यायला, हे तिकीटखिडकीवर बसलेल्यालाही सांगता येत नाही. त्यातच सॅम जोन्स या छायाचित्रकाराने अल्बमच्या निर्मितीवर केलेला कृष्णधवल माहितीपट २००२ मध्ये प्रदर्शित झाला आणि कथेला चेहरे मिळाले. ११ सप्टेंबरच्या सावलीने गाण्यांना जो अर्थ आला तोही असाच बाहेरून आलेला होता. अमेरिकी ध्वजाच्या राखेचे गाणे ऐकताना २००२ च्या समीक्षकाने त्या दिवसाचा विचार न करणे अशक्य होते, आणि लिहिताना त्या गाण्याला भाकिताचे श्रेय न देण्यासाठी बराच संयम लागत होता. सर्वांनीच तो दाखवला असे म्हणता येत नाही.

मग स्वागताचे सारे श्रेय कथेचे मानायचे का? येथे लेखकाचे मत निराळे आहे. अल्बमचे परीक्षण सहसा घाईने लिहिले जाते. प्रत आगाऊ येते, चारसहा वेळा ऐकली जाते आणि प्रकाशनाच्या आठवड्यात मजकूर छापला जातो. हळूहळू चढणाऱ्या संगीताला ही पद्धत मारक असते, आणि रिप्राइझच्या कचेरीत झाले ते याच पद्धतीचे टोक होते. येथे मात्र १८ सप्टेंबर ते २३ एप्रिल असे सात महिने मिळाले. ज्यांना अल्बमवर लिहायचे होते त्यांतील अनेकांच्या कानांवर तो संपूर्ण हिवाळाभर होता. पहिल्या श्रवणात अडथळा वाटणारा गोंगाट विसाव्या श्रवणात गाण्याचाच भाग होतो, त्याखाली लपलेली सरळ, गुणगुणता येणारी चाल वर येते आणि ओ’रूर्क यांनी काय काढून टाकले असेल याचा अंदाज येऊ लागतो. नाट्यसंगीतातले एखादे अवघड पद पहिल्या रात्री अंगावर येते आणि दहाव्या प्रयोगाला श्रोता त्याच जागेची वाट पाहू लागतो, तसेच काहीसे येथे झाले. ही सवड कोणी योजून दिलेली नव्हती. ती करारातील खिंडार आणि नव्या कंपनीचे वेळापत्रक यांमुळे आपोआप मिळाली.

हे अनुमान पडताळण्याचा एक कच्चा मार्ग म्हणजे कथा विसरली गेल्यानंतर काय झाले ते पाहणे. विलीनीकरणाचे रामायण आज कोणाला फारसे आठवत नाही. ‘रोलिंग स्टोन’च्या सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमांच्या २०१२ च्या यादीत हा अल्बम ४९३ वा होता आणि २०२० मध्ये नव्या मतदारांनिशी केलेल्या यादीत २२५ वा आला. अशा याद्यांना फार मान देण्याचे कारण नाही, तरी कथा फिकी होत असताना अल्बम वर सरकला, एवढे त्यातून दिसते.

निर्णयबिंदू आणि वेगळे काय करता आले असते

कंपनीची चूक नकार देण्यात होती असे मानले जाते. प्रस्तुत लेखकाला ती नकाराच्या रीतीत दिसते. अधिकाऱ्यांनी अंतिम मिक्स ऐकून निकाल दिला. त्याच गाण्यांच्या अनेक निरनिराळ्या मांडण्या बँडने महिनोन्‌महिने करून पाहिल्या होत्या, त्यांतल्या काही बऱ्याच सरळ आणि गोड होत्या. २०२२ मध्ये आलेल्या विस्तारित पेटी-आवृत्तीत त्या सर्वांना ऐकायला मिळाल्या. त्या मागवून, एखादी मांडणी रेडिओसाठी स्वतंत्रपणे काढू द्या आणि अल्बम आहे तसाच ठेवा, असा प्रस्ताव ठेवता आला असता. तो मान्य झाला असता की नाही हे सांगता येत नाही, पण ‘एकही गाणे नाही’ असे म्हणणाऱ्याने आधी गाणे शोधायला हवे होते. तसेच हक्क सोडून देण्यापूर्वी समूहातील इतर कंपन्यांना विचारण्याची काही व्यवस्था असती, तर वॉर्नरचे पैसे वाचले असते.

बँडच्या निर्णयांत संकेतस्थळाचा निर्णय सर्वांत धाडसी म्हणून गाजला, पण खरी कसोटी नोव्हेंबरची होती. समोर बरेच प्रस्ताव असताना त्यांनी मोठी रेडिओ-यंत्रणा असलेल्या कंपनीऐवजी, अल्बमकडे दीर्घकाळ विकली जाणारी वस्तू म्हणून पाहणारी कंपनी निवडली. त्या निवडीमुळे एप्रिलपर्यंत थांबता आले. चर्चा गरम आहे म्हणून डिसेंबरातच अल्बम दुकानांत लोटला असता, तर परीक्षणांमध्ये कथेला आणखी जागा आणि संगीताला आणखी कमी जागा मिळाली असती, असे वाटते.

एक निष्काळजीपणा मात्र महागात पडला. ज्या स्त्रीच्या आवाजावरून अल्बमचे नाव ठेवले, तो तुकडा ‘द कॉनेट प्रोजेक्ट’ या संग्रहातून घेताना इर्डियल या ब्रिटिश प्रकाशकाची परवानगी घेतलेली नव्हती. त्यांनी दावा केला आणि प्रकरण न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटवावे लागले. मूळ प्रसारण निनावी असल्याने त्यावर कोणाचा हक्क कसा, असा युक्तिवाद करता येतो, पण एका पत्राने जे काम झाले असते त्यासाठी वकील लावण्याची वेळ आली.

आणि जे बेनेट. माहितीपटात एक प्रसंग आहे, ज्यात एका गाण्यातून पुढच्या गाण्यात शिरतानाच्या काही सेकंदांच्या जोडावरून ते आणि ट्विडी वाद घालत राहतात, आणि पाहणाऱ्याला कळून चुकते की वाद त्या जोडाचा नाही. त्यांच्या जाण्याने बँड पुढे सुटसुटीत झाला हे खरे असेल. २००४ च्या अल्बमला ग्रॅमीही मिळाले. परंतु ज्या ध्वनीचे एप्रिल २००२ मध्ये समीक्षकांनी तोंडभरून कौतुक केले, तो उभारणारा माणूस तोवर आठ महिने बाहेर होता, आणि परीक्षणांतील कथेत त्याच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी अडसराची भूमिका आली. मिक्सिंग पूर्ण होईपर्यंत त्यांची जबाबदारी लेखी ठरवून दिली असती, तर हा शेवट टळला असता का, हे सांगणे कठीण आहे. बेनेट २००९ मध्ये वारले. विस्तारित आवृत्तीतील ज्या मांडण्या ऐकून आता श्रोते चकित होतात, त्यांतील अनेक त्यांच्याच हातांखालून गेल्या होत्या.